हाडातल्या धातूला कल्हई

इ. स. १५२१ च्या मे महिन्याच्या २० तारखेस स्पेन देशातील पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर एका तोफगोळ्याने इनिगो नावाच्या तरुण सरदाराचा उजवा पाय मोडला. हा सरदार म्हणजे पुढे येशूसंघाची स्थापना करणारे संत इग्नेशियस लोयोला. आमच्या नार्वेच्या धक्क्यावरून दिवाडी बेट ओलांडून गेले की जुन्या गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर त्यांचेच सोबती. इग्नेशियसच्या त्या दुखण्याची आध्यात्मिक फलश्रुती आपणा सर्वांस ठाऊक आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचलेल्या ख्रिस्तचरित्राने व संतचरित्रांनी त्यांचे आयुष्य पालटले. परंतु त्या मोडक्या पायाचे पुढे काय झाले, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

रणभूमीवर बसविलेले हाड जागेवरून सरकले होते, म्हणून लोयोला येथील घरी वैद्यांनी ते पुन्हा मोडून पुन्हा बसविले. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते. रोग्याची प्रकृती इतकी खालावली की अंतकाळचे संस्कार देण्यात आले. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या पूर्वरात्री त्यांना उतार पडला. हाड सांधले, पण गुडघ्याखाली एक टोक बाहेर डोकावत राहिले. तेही करवतीने कापविण्यात आले. इतके सोसूनही तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूडच राहिला आणि संत इग्नेशियस जन्मभर किंचित लंगडत चालले.

वाचकहो, आज असाच पाय मोडला तर इस्पितळात हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालतात किंवा हाडावर पट्टी ठेवून ती स्क्रूंनी आवळतात, आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत रोगी कुबड्यांच्या आधाराने उभा राहतो. माडावरून पडलेला रेंदेर वा पाडेली, चिरेखाणीत दगडाखाली पाय सापडलेला कामगार, दुचाकीवरून घसरलेला तरुण, न्हाणीघरात पाय निसटून खुब्याचे हाड मोडलेली आजी यांपैकी कोणी ना कोणी आपल्या प्रत्येक वाड्यावर आहे, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या शरीरात आज धातू आहे. त्याबरोबर एक भीतीही घरोघर वसते. ‘सळई घातली की आत पू होतो, मग पायही जातो आणि पैसाही जातो,’ असे लोक बोलतात, आणि या भीतीपोटी कोणी इस्पितळाची पायरीच चढत नाही. ही भीती सर्वस्वी खोटी नाही. पण ती अर्धवट माहितीवर उभी आहे. ती पुरी करावी, आणि धातूभोवतीचा पू टाळण्यासाठी जगातील शास्त्रज्ञ कोणत्या प्रकारचा लेप सिद्ध करीत आहेत ते सांगावे, हा या लेखाचा हेतू.

जखमेतील अदृश्य शत्रू

मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले, तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अवयव कापून टाकणे हाच बहुधा उपाय असे. हाड सांधत नाही म्हणून नव्हे, तर जखम सडते म्हणून. १८६५ साली ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या इस्पितळात जेम्स ग्रीनलीज नावाचा ११ वर्षांचा मुलगा आणण्यात आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते आणि हाड मोडून जखम उघडी पडली होती. जोसेफ लिस्टर या शल्यवैद्यांनी फ्रान्समधील लुई पाश्चर यांचे सूक्ष्म जंतूंविषयीचे संशोधन अभ्यासले होते. त्यांनी जखम कार्बोलिक आम्लात भिजविलेल्या कापडाने झाकली. सुमारे सहा आठवड्यांनी तो मुलगा आपल्या दोन्ही पायांवर घरी गेला. आधुनिक शल्यशास्त्राची स्वच्छता येथून सुरू झाली.

शस्त्रक्रिया निर्जंतुक झाल्यावरच शरीरात धातू ठेवण्याचे धाडस शक्य झाले. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन येथे जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली खुब्याच्या कृत्रिम सांध्याची पद्धत स्थिर केली. आरंभी त्यांच्या रुग्णांपैकी शंभरात सुमारे सात जणांच्या सांध्यात पू होई. चार्न्ली यांनी शस्त्रक्रियागृहातील हवा गाळून घेण्याची व्यवस्था केली, शल्यवैद्यांच्या पोशाखात सुधारणा केल्या, आणि हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आणले. लेपांची चर्चा करताना ही गोष्ट आपण विसरता कामा नये. पहिला आणि सर्वांत मोठा विजय शुद्ध हवेने व स्वच्छ हातांनी मिळविलेला आहे.

धर्मोपदेशकाला सापडलेला धातू

हाडात घालण्याच्या वस्तू आज मुख्यतः तीन धातूंच्या बनतात: न गंजणारे पोलाद, कोबाल्ट व क्रोमियम यांचा मिश्रधातू, आणि टायटॅनियम. डिचोलीच्या डोंगरांनी पिढ्यान् पिढ्या लोहखनिज दिले, त्यामुळे पोलादाची ओळख आपल्याला करून द्यावी लागत नाही. टायटॅनियमची कथा मात्र सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील विल्यम ग्रेगर हे एक ग्रामीण धर्मोपदेशक होते. फावल्या वेळी खनिजांची परीक्षा करण्याचा त्यांना नाद होता. १७९१ साली जवळच्या ओढ्यातील काळी वाळू त्यांनी तपासली आणि तीत एक अज्ञात धातू असल्याचे ओळखले. काही वर्षांनी जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोथ यांनी त्याला टायटॅनियम हे नाव दिले. तशीच काळी, इल्मेनाइटयुक्त वाळू आपल्या कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.

हा धातू हाडाला मानवतो, हे योगायोगाने कळले. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी हाडात बसविली होती. काम संपल्यावर नळी काढू गेले, तो ती निघेना. हाड धातूला घट्ट बिलगले होते. १९६५ साली त्यांनी याच गुणाचा उपयोग करून एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमच्या आधारावर दात बसविले. ‘शरीर परक्या वस्तूला कधी आपलेसे करीत नाही’ या जुन्या समजुतीला हा मोठा धक्का होता.

आधी कोण पोहोचतो?

येथे एक अडचण उभी राहते. ज्या खडबडीत, पेशींना रुजण्यास सोयीच्या पृष्ठभागावर हाड बिलगते, तो पृष्ठभाग जंतूंनाही तितकाच सोयीचा असतो. १९५७ साली इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी माणसांवर एक प्रयोग केल्याचे प्रसिद्ध झाले. पू निर्माण करणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू नुसत्या त्वचेत टोचले, तर गळू होण्यास लाखो जंतू लागत. पण तेथे टाके घालण्याचा साधा धागा ठेवला, तर काही शेकडा जंतूही पुरत. शरीराबाहेरून आलेली वस्तू जवळ असली की शरीराचे रक्षकबळ किती तोकडे पडते, ते यावरून दिसते.

याचे कारण समजण्यास आपली नदीच उपयोगी पडेल. होडी पाण्यात काही दिवस उभी राहिली की तिच्या बुडाला प्रथम बुळबुळीत थर चढतो, मग शेवाळ, मग कठीण कवचाचे जीव. पहिला थर पुसून टाकणे सोपे असते. कवचे धरल्यानंतर मात्र खरवडावे लागते. १९६६ साली स्थापन झालेल्या, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाण्यातील धातू व लाकूड यांवर चढणाऱ्या अशा थरांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. हाडातील धातूवर हेच घडते. तुरळक जंतू येऊन चिकटतात, स्वतःभोवती चिकट स्राव सोडतात आणि त्या पडद्याआड वसाहत करतात. पडद्याबाहेर फिरणाऱ्या जंतूंना मारणारे प्रतिजैविक औषध पडद्याआडच्या जंतूंना शेकडो पट मात्रेतही पुरेसे पडत नाही. म्हणूनच आत पू झाला की केवळ गोळ्या व इंजेक्शने देऊन भागत नाही. अनेकदा पुन्हा शस्त्रक्रिया करून आतील भाग धुवावा लागतो, कधी धातूच काढावा लागतो. ज्या कुटुंबावर हा प्रसंग आला आहे, त्याला दोन-तीन शस्त्रक्रियांचा खर्च, महिनोन्‌महिने बुडालेली मजुरी आणि रोग्याची खचलेली उमेद यांचे वर्णन करून सांगावे लागत नाही.

अमेरिकन शल्यवैद्य अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली या साऱ्याला पृष्ठभागासाठीची शर्यत असे नाव दिले. शरीरात धातू ठेवल्याच्या क्षणापासून आपल्या पेशी आणि जंतू यांच्यात धावाधाव सुरू होते. पेशी आधी पोहोचून पृष्ठभाग व्यापतील, तर जंतूंना जागा उरत नाही. जंतू आधी पोहोचले, तर हाड दूरच राहते. तेव्हा धातूवर असा लेप हवा की जो एका हाताने हाडाला बोलावील आणि दुसऱ्या हाताने जंतूंना थोपवील.

जुनी कल्हई आणि नवी

लेप ही कल्पना आपल्या गृहिणींना नवी नाही. पितळेच्या पातेल्यात आंबट कालवण ठेवले की ते कळकते, म्हणून कल्हईवाला दारी येई. तो भांडे तापवी, नवसागर टाकून ते स्वच्छ करी, मग कथिलाचा कण फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून चकचकीत पातळ थर देई. भांड्याचा दणकटपणा पितळेचा, पण अन्नाला स्पर्श कथिलाचा. हाडातील धातूच्या लेपामागेही हाच विचार आहे. भार पेलण्याचे काम टायटॅनियमने करावे, हाडाशी संबंध मात्र लेपाचा यावा.

मग लेप कशाचा? आपल्या हाडाच्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो. ते खनिज म्हणजे कॅल्शियम व फॉस्फरस यांचे संयुग. शास्त्रज्ञ त्याच्या शुद्ध रूपाला हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट म्हणतात. हेच खनिज कृत्रिम रीतीने तयार करून धातूवर चढविले, तर हाडाच्या पेशींना ते परके वाटत नाही आणि त्या त्यावर नवे हाड रचू लागतात. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ साली असा लेप दिलेला खुब्याचा सांधा रुग्णास बसविला, आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली.

हा लेप चढविण्याची रीत कल्हईपेक्षा पुष्कळ अवघड आहे. विजेच्या साहाय्याने वायू इतका तापवितात की त्याचे तापमान १०,००० अंशांच्याही वर जाते. त्या झोतात खनिजाची भुकटी सोडली की तिचे कण अर्धवट वितळून वेगाने धातूवर आदळतात व तेथे थिजतात. थराची जाडी साधारणतः ५० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे एक ते तीन केसांच्या जाडीइतकी. कल्हईप्रमाणेच येथेही सारी भिस्त पूर्वतयारीवर असते. खालचा धातू नीट स्वच्छ व खडबडीत केलेला नसेल, तर थर सुटतो. थर फार जाड झाला तर तडकतो, फार पातळ झाला तर लवकर विरतो. भांड्याची कल्हई उडाली तर पुन्हा करता येते. हाडात बसविलेल्या सळईची उडालेली कल्हई पुन्हा कोण करणार?

दुसरा मार्ग काचेचा. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच हे संशोधक एका परिषदेस बसने चालले होते. शेजारी व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला एक कर्नल बसला होता. शरीर धातू व प्लॅस्टिक नाकारते आणि त्यामुळे जखमी सैनिकांचे अवयव कापावे लागतात. शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्हाला करता येईल का, असे त्याने विचारले. हेंच यांनी तो प्रश्न मनावर घेतला. १९६९ साली त्यांनी वाळूतील सिलिका, सोडियम, कॅल्शियम व फॉस्फरस यांची एक काच बनविली. उंदरांच्या हाडात ठेवलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी ओढूनही सुटेनात. ही काच शरीरातील द्रवांत हळूहळू विरते आणि विरताना स्वतःच्या अंगावर हाडासारख्याच खनिजाचा थर तयार करते. तिच्यात आणखी एक गुण आहे. विरताना ती भोवतालचा द्रव अल्कधर्मी, म्हणजे सोड्याच्या पाण्यासारखा करते, आणि ते वातावरण जंतूंना सोसत नाही. फिनलंडमध्ये विकसित झालेली अशीच एक काच पू झालेल्या हाडातील पोकळी भरण्यासाठी वापरली जाते. हाडाला आवाहन आणि जंतूंना अटकाव ही दोन्ही कामे एकच पदार्थ करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

जंतूंना थोपविण्याचे तीन मार्ग

बहुतेक लेपांत मात्र जंतूंसाठी वेगळी योजना करावी लागते. तिचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग औषध भरून ठेवण्याचा. जर्मनीतील हँबर्ग येथे बुखहोल्त्स यांनी १९७० साली सांधा बसविण्याच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळले. पुढे याच औषधाचा लेप दिलेली नडगीच्या हाडाची सळई युरोपात वापरात आली. हाड जेव्हा कातडीबाहेर आलेले असते व जखमेत माती गेलेली असते, अशा वेळी ती विशेषतः उपयोगी. औषध नेमके हवे तेथे, हवे तेव्हा आणि मोठ्या मात्रेत मिळते. परंतु साठा संपला की संरक्षणही संपते. शिवाय औषध दीर्घकाळ थोडे थोडे झिरपत राहिले, तर जंतूंना त्याची सवय होऊन ते न मरणारे बनण्याचा धोका असतो.

दुसरा मार्ग स्पर्शाने मारणाऱ्या पदार्थांचा. चांदीचा हा गुण जुन्या लोकांना ठाऊक होता. जर्मनीत म्युन्स्टर येथे हाडाचा कर्करोग काढून त्या जागी मोठा धातूचा सांधा बसविलेल्या रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. साधा सांधा बसविलेल्या ७४ जणांपैकी १७·६ टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला, तर चांदीचा लेप असलेल्या ५१ जणांपैकी ५·९ टक्क्यांना. संख्या लहान असली तरी फरक लक्षणीय आहे. जपानमधील कानाझावा येथे त्सुचिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीऐवजी आयोडीन वापरले. जखमेवर लावण्याचे जे आयोडीन आपल्या घरच्या कपाटात असते, तेच त्यांनी टायटॅनियमच्या सूक्ष्म छिद्रांत मुरविले, आणि २०१२ साली २२२ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. येथेही मेख आहे ती मात्रेची. चांदी थोडी झाली तर जंतू मरत नाहीत, फार झाली तर हाड रचणाऱ्या पेशीच मरतात. मिठासारखेच हे आहे. कमी पडले तर लोणचे नासते, अधिक झाले तर तोंडात घालवत नाही.

तिसरा मार्ग चिकटूच न देण्याचा, आणि तो सर्वांत नवा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली दाखविले की रातकिड्याप्रमाणे करकर करणाऱ्या सिकाडा नावाच्या कीटकाच्या पंखावर अतिसूक्ष्म सुळक्यांची रांग असते, आणि त्यावर बसलेल्या काही जातींच्या जंतूंचे आवरण ताणले जाऊन फाटते. पावसाळ्यानंतर आपल्या शेतांवर घिरट्या घालणाऱ्या चतुराच्या पंखांतही हाच गुण पुढे आढळला. असेच सुळके टायटॅनियमवर उठविण्याचे प्रयत्न चालू आहेत. यात औषध नाही, म्हणून जंतूंना औषधाची सवय होण्याचा प्रश्नही नाही.

आज अनेक प्रयोगशाळांत हे मार्ग एकत्र आणले जात आहेत. हाडासारख्या खनिजाच्या थरात चांदी, तांबे किंवा जस्त यांचा अंश घालावा. वरच्या थरातून पहिल्या काही दिवसांत औषध सुटावे आणि तो विरल्यावर खालचा थर हाडाला मिळावा, अशी त्यांची रचना असते. मग असा लेप प्रत्येक इस्पितळात का नाही, असे कोणी विचारील. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत यशस्वी झालेला लेप प्राण्यांत, मग माणसांत, आणि माणसांतही वर्षानुवर्षे टिकतो की नाही हे पाहावे लागते. हातोडीने ठोकून सळई हाडात घालताना लेप खरवडला जात नाही, हे सिद्ध करावे लागते. आणि नियोजित शस्त्रक्रियांत जंतुसंसर्ग मुळातच थोड्यांना होत असल्यामुळे, लेपाने तो आणखी कमी झाला असे निश्चित म्हणण्यास फार मोठ्या संख्येने रुग्ण पाहावे लागतात. यात घाई करणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय.

आपल्या देशातील प्रयत्न

या क्षेत्रात भारत केवळ गिऱ्हाईक राहिलेला नाही. पुण्यात १९६५ साली डॉ. कांतिलाल संचेती यांनी अस्थिरोगांचे इस्पितळ सुरू केले, आणि पुढे ‘इंडस’ हा भारतीयांच्या गुडघ्यास जुळणारा कृत्रिम सांधा घडविला. मुंबईची आयआयटी, टाटा मेमोरियल इस्पितळ आणि हैदराबाद येथील अलोह धातूंचे तंत्रज्ञान विकसित करणारे केंद्र यांनी हाडाच्या कर्करोगाने पीडित रुग्णांसाठी देशी सांधा तयार करण्याचे काम एकत्र येऊन केले. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप धातूवर फवारण्याचा, तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हाडाची पोकळी भरणाऱ्या खनिज-काचेच्या पदार्थांचा अभ्यास झाला आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली. लेप कितीही गुणकारी असला तरी तो सामान्य शेतकऱ्याच्या व मजुराच्या आवाक्यात आला नाही, तर त्याचा लाभ मूठभरांपुरताच राहील. म्हणून देशी संशोधनाकडे आपण आस्थेने पाहावयास हवे.

आपल्या हाती काय आहे?

लेप घडविणे शास्त्रज्ञांचे काम. परंतु पृष्ठभागासाठीच्या त्या शर्यतीत आपल्या पेशींना आधी पोहोचू देणे हे बऱ्याच अंशी रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या हाती असते.

अपघातात हाड बाहेर आले असेल तर त्यावर हळद, चुना, चहाची भुकटी, शेण वा झाडपाला काहीही लावू नये. धुतलेल्या कापडाने जखम झाकावी, पायाला दोन्ही बाजूंनी काठ्या बांधून तो हलू देऊ नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून विनाविलंब इस्पितळ गाठावे. उघड्या जखमेच्या बाबतीत प्रतिजैविक जितके लवकर मिळेल तितके हिताचे. अशा वेळी हाडवैद्याकडे नेऊन चोळणे किंवा पट्टी आवळून बांधणे म्हणजे जंतूंना खोलवर वाट करून देणे होय.

शस्त्रक्रिया आधी ठरवून करावयाची असेल, तर मधुमेह आटोक्यात आणावा, विडी-सिगारेट थांबवावी, किडलेले दात व पायावरच्या भेगा-जखमा यांवर आधी उपचार करून घ्यावेत. जंतू रक्तातून प्रवास करतात. दाताच्या मुळाशी असलेला पू गुडघ्यातील धातूपर्यंत पोहोचू शकतो. डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावे, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर कधीच घेऊ नयेत. आज जे जंतू औषधांना दाद देत नाहीत, ते आपल्याच अशा निष्काळजीपणाने शहाणे झाले आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. घरी आल्यावर टाक्यांतून पाणी झिरपू लागले, जागा लाल व गरम झाली, ताप आला, किंवा थांबलेली वेदना महिन्या-दोन महिन्यांनी, प्रसंगी वर्षानंतरही, पुन्हा सुरू झाली, तर ‘सळई लागते’ म्हणून तेल चोळत बसू नये. त्याच शल्यवैद्याकडे ताबडतोब जावे. होडीच्या बुडावरचा पहिला बुळबुळीत थर पुसणे सोपे, कवचे धरल्यावर अवघड, हे वर सांगितलेच आहे. पहिल्या काही दिवसांत धुऊन काढलेला संसर्ग बरा होण्याची व धातू वाचण्याची आशा पुष्कळ असते. सहा महिने लपविलेल्या संसर्गात ती उरत नाही. इस्पितळाचा खर्च टाळण्यासाठी, किंवा मुलांना त्रास नको म्हणून, पाझरणारी जखम लुगड्याआड दडविणाऱ्या वृद्ध आया आपल्याकडे थोड्या नाहीत. घरातील मुलासुनांनी आपण होऊन विचारावे, आपल्या डोळ्यांनी पाहावे.

संत इग्नेशियसांना पाचशे वर्षांपूर्वी जे सोसावे लागले, ते आज आपल्यापैकी कोणालाही सोसावे लागू नये, इतके ज्ञान मनुष्यजातीने मिळविले आहे. एका बालकाची जखम झाकणारे लिस्टर, ओढ्यातील वाळू पारखणारे ग्रेगर, बसमधील सहप्रवाशाचा प्रश्न मनावर घेणारे हेंच अशा अनेकांच्या श्रमांतून ते जमले आहे. केसाच्या जाडीच्या लेपाने मोडलेला पाय आणि त्यावर उभे असलेले घर दोन्ही सावरतील, असा दिवस दूर नाही. तोपर्यंत स्वच्छ हात, वेळेवर घेतलेले औषध आणि न लपविलेली जखम हीच आपली कल्हई समजावी.